पुढच्या सीटच्या जागी सलूनची खुर्ची

पाटबंधारे खात्यातले आरेखक प्रज्ञेश ओव्हाळ यांनी आपल्या अकरा वर्षं जुन्या छोट्या मोटारीची पुढची डावी सीट काढून तिथे सलूनमधली खुर्ची बसवायचं ठरवलं, तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत याबद्दल दोन मतं होती आणि त्यातलं एक अजूनही टिकून आहे.

कारण होतं आई. चंद्रभागाबाईंना अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. डोकं, कान आणि जीभ ठणठणीत, फक्त गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. वर्षभरापूर्वी वारज्याच्या एका मंगल कार्यालयातून लग्न आटोपून निघताना त्यांचा उजवा पाय गाडीत गेला आणि डावा बाहेरच राहिला. मग एका पुतण्याने आतून ओढलं, दुसऱ्याने बाहेरून ढकललं, आणि वरपक्षाकडचे एक गृहस्थ पायऱ्यांवर उभे राहून "जरा तिरकं घ्या, तिरकं" अशा सूचना देत राहिले. त्या गृहस्थांचा पूर्वी फर्निचरचा धंदा होता असं नंतर कळलं. चंद्रभागाबाई घर येईपर्यंत पदर सारखा करत राहिल्या. घरी आल्यावर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आजपास्नं माझ्या अंगाला हात लावून कुणी मला गाडीत घालायचं न्हाई. माझं मला बसता येईल तवा बसन." त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत.

रिक्षाची पायरी त्यांना उंच पडायची, बसची त्याहून उंच. ऑपरेशनचा विषय निघाला की "गुडघे माझे हायत" एवढं बोलून त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या. लिफ्टने खाली उतरून सोसायटीच्या बागेपर्यंत वॉकर घेऊन जाणं आणि परत येणं, एवढंच त्यांचं जग उरलं होतं.

त्या जगाच्या बाहेर, मुंढव्याला, त्यांची थोरली बहीण सोजरबाई राहायची. तिचेही गुडघे तसेच. दोघी रोज संध्याकाळी पाच वाजता फोनवर बोलायच्या, आणि काय खाल्लं, काय पचलं, कोण गेलं याची देवाणघेवाण करायच्या. येत्या एक जूनला सोजरबाईंना ऐंशी पूर्ण होणार होती. खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्या वर्गाची तारीख एक जूनच लिहिली होती, त्यामुळे सोजरबाईंच्या ओळखीतली निम्मी म्हातारी माणसं त्याच दिवशी जन्मलेली होती. चंद्रभागाबाईंनी "मला जायचंय" असं एकदाही म्हटलं नाही. पण एप्रिल लागल्यापासून त्या कॅलेंडरची दोन पानं वर करून जून बघायच्या आणि पानं पुन्हा खाली सोडायच्या. हे ओव्हाळांनी तीन वेळा पाहिलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

उपाय सापडला तो भैरूच्या सलूनमध्ये. दाढी झाल्यावर भैरूने पायाने दाब देऊन खुर्ची वर उचलली, गर्रकन दाराकडे वळवली, आणि ओव्हाळ सहज उभे राहिले. वाकावं लागलं नाही, गुडघ्यावर भार आला नाही. ते पुन्हा बसले. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा बसल्यावर भैरूने काळजीने विचारलं, "साहेब, कल्ले वरखाली झालेत का?"

"ही खुर्ची गाडीत बसेल का रे?"

भैरू दुकानात नव्या खुर्च्या घेणारच होता. जुनी भंगारात जाण्यापेक्षा साहेबांच्या गाडीत जाईल, म्हणून त्याने ती आनंदाने देऊन टाकली. एकच अट घातली, की पाठीवरचं नाव काढायचं नाही. लाल रेक्झिनवर पांढऱ्या दोऱ्याने 'भैरू मेन्स पार्लर' असं भरलेलं होतं. ओव्हाळांनी अट मान्य केली.

योजना कागदावर सुरेख होती. गाडीचं दार उघडायचं, खुर्ची बाहेर वळवायची, पायाने दाबून उंच करायची. आईने पाठमोरं उभं राहून टेकायचं. मग खुर्ची आत फिरवायची, खाली उतरवायची, खटका लावायचा, दार बंद. कुणाचा हात लागायला नको आणि कुणाची सूचना नको. ओव्हाळांनी त्या रात्रीच नकाशे काढले. आराखडा, उभा छेद, आडवा छेद, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण.

सोसायटीत ही बातमी खुर्ची येण्याआधी पोचली. सेक्रेटरी रविराज मोहोळ स्वतः भेटायला आले. सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी मोहोळांच्या ज्वारीची होती, त्यामुळे पार्किंगमधल्या कुठल्याही घडामोडीत लक्ष घालणं ते आपलं वडिलोपार्जित कर्तव्य समजत. शिवाय गाडीत बदल करणं हा त्यांचा विषय होता. त्यांच्या काळ्या दांडग्या गाडीला पाच तऱ्हेचे हॉर्न होते, खिडक्यांना मखमली पडदे होते, बुडाखाली निळे दिवे होते, आणि टपावरचे चार दिवे लावले की समोरच्या इमारतीतल्या लोकांना वर्तमानपत्र वाचता येई. गाडी मागे घेताना एक बाई अतिशय लाडिक आवाजात "कृपया बाजूला व्हा" म्हणायची. ती बाई मोहोळांनी खास बदलून घेतली होती, आधीची जरा उद्धट होती म्हणे.

"लय भारी डोकं चालवलंत साहेब," मोहोळ म्हणाले. "बसवून टाका. कुणी काय म्हणत न्हाई."

"परवानगी घ्यावी लागेल," ओव्हाळ म्हणाले.

मोहोळांना अर्थ लागेना. "कशाची?"

"वाहनात बदल करायची."

"आवो साहेब, माझ्या गाडीत आता कंपनीचं फक्त स्टेअरिंग राहिलंय. मला आजवर कुणी इचारलं न्हाई आणि मी कुणाला इचारलं न्हाई."

पत्नी शर्मिलाचंही मत तेच पडलं, पण तिने ते पोळ्या लाटता लाटता दिलं. "अहो, कुणी विचारलंय का आपल्याला?"

"विचारलेलं नाही. म्हणूनच आपण सांगायचं."

शर्मिलाने पोळी तव्यावर टाकली आणि पुढची लाटायला घेतली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की माणसाला कुठे शब्द खर्च करायचे ते कळतं.

ओव्हाळांचंही बरोबरच होतं. साऱ्या नोकरीत त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशांवर 'परवानगीची प्रत जोडावी' असा शेरा मारला होता. आता स्वतःची वेळ आल्यावर गप्प बसायचं हे त्यांना जमेना. त्यांनी परिवहन कार्यालयात अर्ज केला. विषय: चारचाकी वाहनातील पुढील डाव्या आसनाच्या जागी फिरते आसन बसविण्यास परवानगी मिळणेबाबत. सोबत नकाशे तीन प्रतींत. अर्ज देऊन, आवक शिक्का मारलेली प्रत घेऊन ते घरी आले तेव्हा त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की आता परवानगी येईलच असं धरून त्यांनी गाडी थेट सूरजच्या गॅरेजमध्ये नेली. चूक इथे झाली. आधी करायचं आणि मग विचारायचं, किंवा आधी विचारायचं आणि मग करायचं, या दोन्ही पद्धती आपल्याकडे चालतात. ओव्हाळांनी दोन्ही एकदम केल्या.

सूरज पंचविशीतला, दोन्ही कानांत हेडफोन घालून वेल्डिंग करणारा. त्याने खुर्ची पाहिली, गाडी पाहिली, आणि म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ. दोन दिवसांत डन."

पहिल्या दिवशी कळलं, की खुर्ची दारातून आत जात नाही. दार काढलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची आत गेली, पण पाठ टपाला लागली. खालचा लोखंडी खांब कापला. मग खुर्ची बसली, पण पाय ठेवायची पट्टी डॅशबोर्डला अडायला लागली. पट्टी कापली, तरी फिरताना बसणाऱ्याचे गुडघे अडत, म्हणून डॅशबोर्डमधला सामानाचा कप्पा काढला. कप्प्यामागून निघालेल्या वायरी कुठे जातात हे सूरजला ठाऊक नव्हतं, त्याने त्या नीट गुंडाळून ठेवल्या, आणि त्यानंतर ब्रेक दाबला की वायपर चालू होऊ लागला. शेवटी खुर्चीचा उजवा हात हँडब्रेकवर आला. तो कापायचा म्हटल्यावर ओव्हाळांनीच विरोध केला, कारण आईला धरायला काहीतरी हवं. मग हात राहिला आणि ओव्हाळांनी डावा खांदा आत ओढून गाडी चालवायची असं ठरलं.

"आईंना बसायला जागा केलीत," शर्मिला गाडी बघून म्हणाली, "आता तुम्ही कशात येणार?"

दोन दिवसांचे सतरा दिवस झाले. गाडी सोसायटीत आली तेव्हा पार्किंगमध्ये लहान-मोठी वीसेक माणसं जमली होती. प्रत्येकाकडे एक सूचना होती. कुणी म्हणालं, खुर्चीसमोर आरसाही लावा. कुणी म्हणालं, मागे टेकायला डोक्याची उशी हवी. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी आपण स्वतः चाचणी घेतो म्हणून जाहीर केलं, आणि कुणी काही बोलायच्या आत ते खुर्चीत बसून आत फिरलेही. त्यानंतर त्यांच्या पायाला दाबायची कळ लागली. कळ कशासाठी आहे हे बघायला त्यांनी ती सात-आठ वेळा दाबली. दरवेळी ते चार बोटं वर गेले, आणि शेवटी त्यांचं डोकं टपाला टेकून मान उजव्या खांद्यावर आली.

"कल्पना चांगली आहे," ते त्या अवस्थेतून म्हणाले. "अंमलबजावणीत त्रुटी आहेत."

खाली उतरवायची कळ अडकली होती. सूरजला बोलावून आणेपर्यंत अर्धा तास गेला, आणि तेवढ्या वेळात मॅनेजरांनी त्याच अवस्थेत दोघांना मुदत ठेवींबद्दल सल्ला दिला. सूरजने तेल सोडलं, खुर्ची फुस्स करून खाली आली, आणि तो म्हणाला, "आता प्रॉब्लेमच नाही."

हे सगळं चंद्रभागाबाई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघत होत्या. ओव्हाळ वर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ते भैरू कोण?"

दुसऱ्याच दिवशी परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. त्यात दोन त्रुटी काढल्या होत्या. एक, सदर आसन कोणत्या उत्पादकाचे आहे ते नमूद करावे. दोन, नकाशावर दर्शविलेली उत्तर दिशा वाहन गतिमान असताना कशी ग्राह्य धरावी याचा खुलासा करावा. ओव्हाळ पत्र वाचून खूश झाले. इतक्या बारकाईने आपला नकाशा कुणी वाचला नव्हता. त्यांनी त्याच संध्याकाळी खुलासा लिहिला: एक, भैरू मेन्स पार्लर, कोथरूड. दोन, उत्तर दिशा वाहन सोसायटीच्या वाहनतळावर उभे असतानाची समजावी. आठवड्याने दुसरं पत्र आलं. वाहन प्रत्यक्ष तपासणीसाठी वीस मे रोजी हजर करावे.

तपासणीला दीपाली मॅडम म्हणून निरीक्षक होत्या. उन्हात उभ्या राहून त्या सकाळपासून गाड्या तपासत होत्या. ओव्हाळांच्या गाडीचं दार उघडल्यावर त्यांनी आधी खुर्चीच्या पाठीवरचं नाव वाचलं.

"तक्रार कुणी केली तुमच्याविरुद्ध?"

"कुणी नाही, मॅडम. मीच अर्ज केलाय."

"शेजाऱ्यांशी भांडण?"

"नाही."

"मग अर्ज कशाला केलात?"

नियम आहे म्हणून अर्ज केला, हे उत्तर एका सरकारी कार्यालयाच्या आवारात मोठ्याने द्यावं असं ओव्हाळांना वाटेना. त्यांनी आईची हकीकत सांगितली. मंगल कार्यालय, गुडघे, मुंढव्याची मावशी, एक जून. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्या स्वतः खुर्चीत बसल्या, आत फिरल्या, बाहेर फिरल्या, आणि जरा वेळ तशाच बसून राहिल्या, कारण सकाळपासून त्यांना बसायला मिळालं नव्हतं.

"कल्पना वाईट नाही," उठत त्या म्हणाल्या. "पण ही खुर्ची केस कापायला बनवलीय, ओव्हाळ. उद्या कुणी मागून धडक दिली तर ही जागची सुटेल आणि आईंना घेऊन काचेतून जाईल. अशा फिरत्या सीट तयार मिळतात, तपासून मंजूर केलेल्या. तशी बसवा, रीतसर अर्ज करा, मी सही करीन. ही मात्र काढायची."

त्यांचं सगळं बरोबर होतं, आणि त्यामुळेच ओव्हाळांना जास्त लागलं. चूक माणसाशी वाद तरी घालता येतो. तयार सीटची त्यांनी चौकशी केली, तेव्हा ती परगावाहून यायला दीड महिना लागेल असं कळलं. हातात आदेश होता: मूळ आसन पूर्ववत बसवून चार जूनपर्यंत वाहन तपासणीस दाखवावे. फाटकातून बाहेर पडताना शेजारून मोहोळांसारखीच एक दांडगी गाडी पाच सुरांत हॉर्न वाजवत निघून गेली. ओव्हाळांनी ब्रेक दाबला आणि वायपर चालू झाला.

घरी येऊन त्यांनी आईला आदेश वाचून दाखवला. संपूर्ण, संदर्भ क्रमांकासकट. आजवर त्यांनी आईला गाडीबद्दल काही विचारलं नव्हतं, खुर्ची तयार झाली की दाखवू असं म्हणत होते. आता दाखवायला खुर्ची होती आणि काढायचा हुकूमही होता.

"तारीख काय म्हणलास?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"चार जून."

"सोजरचा एक हाय."

"हो, पण मॅडम म्हणतात ते खरं आहे, आई. धोका आहे."

"मग हळू चालव," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

सूरजने खुर्चीला चार जास्तीचे बोल्ट मारले, पट्टा बसवला, आणि वायपरची वायर तोडून टाकली. एक जूनला सकाळी नऊ वाजता चंद्रभागाबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, वॉकर टेकत खाली आल्या. पार्किंगमध्ये पुन्हा गर्दी होती. मोहोळ दोन्ही हात पुढे करून धावले, तेव्हा म्हातारीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि मोहोळांनी हात खिशात घातले. खुर्ची बाहेर वळलेली होती. चंद्रभागाबाई तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, मागे हात नेऊन चाचपलं, आणि बसल्या. ओव्हाळांनी खुर्ची आत फिरवली. दोन्ही पाय आपसूक आत आले. चौदा महिन्यांनी चंद्रभागाबाई गाडीत बसल्या होत्या आणि त्यांच्या पदराची घडीसुद्धा हलली नव्हती. शर्मिला मागे वॉकर घेऊन बसली. तिने खिडकीबाहेर बघत डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाली.

खटका लावला की खुर्ची पक्की राहते असं सूरजचं म्हणणं होतं. खटक्याचं म्हणणं वेगळं होतं. गाडी डावीकडे वळली की चंद्रभागाबाई मुलाकडे तोंड करून येत, उजवीकडे वळली की खिडकीकडे जात. ओव्हाळ घामाघूम झाले, त्यांनी वेग वीसवर आणला, आणि मागून येणारं सगळं पुणं हॉर्न वाजवू लागलं. चंद्रभागाबाईंना त्याचं काही नव्हतं. नळस्टॉपला त्या थेट बसच्या खिडकीसमोर आल्या आणि आतल्या कंडक्टरला म्हणाल्या, "एवढी भरलेली असती का रोजच?" कंडक्टर हो म्हणाला. डेक्कनला सिग्नलचा हवालदार पाठीवरचं 'भैरू मेन्स पार्लर' वाचून पुढे आला, आत बसलेली म्हातारी बघून थबकला, आणि विचार करत मागे फिरला. स्टेशनवरून कोरेगाव पार्कातून मुंढव्यात पोचायला पावणेदोन तास लागले. ओव्हाळांचा डावा खांदा एव्हाना त्यांचा राहिला नव्हता.

सोजरबाईंचं घर बोळाच्या तोंडाशी, रस्त्यापासून दोन पायऱ्या वर. दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्या नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. वर्षभरात त्यांनी तो उंबरठा ओलांडला नव्हता. गाडी समोर थांबली. मधे वीस पावलांचं अंतर उरलं होतं.

ओव्हाळांनी दार उघडलं, खुर्ची बाहेर वळवली आणि पायाने कळ दाबायला सुरुवात केली. आईला उठायला सोपं जावं म्हणून दोनदा दाबायची होती. बोळातली माणसं जमली होती, मावसभाऊ बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ओव्हाळांनी बनवलेली एखादी गोष्ट लोक डोळे मोठे करून बघत होते. त्यांनी सहा वेळा दाबली. चंद्रभागाबाई वर गेल्या आणि त्यांचे पाय जमिनीपासून हातभर वर लोंबकळू लागले.

"आता खाली घे," त्या म्हणाल्या.

खाली घ्यायची कळ हलेना. ओव्हाळ नव्या पँटसकट रस्त्यावर आडवे झाले. हाताने ओढली, पायाने ढकलली, शेवटी वॉकरने ठोकली. सूरजला फोन लावला तर तो गावाला लग्नात नाचत होता. "सर, ऑइल टाका," एवढं ऐकू आलं. कुणीतरी घरातून खोबरेल आणून ओतलं. खुर्चीला वास चांगला येऊ लागला, बाकी काही फरक पडला नाही.

सहा धट्टीकट्टी माणसं पुढे आली. "आत्याबाई, दोन मिनिटांत उतरवतो. अलगद."

"हात लावायचा न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण सहाही जण मागे सरले. ओव्हाळ रस्त्यावर बसल्या बसल्या वर बघत होते. आईचा चेहरा त्यांनी तसा कधी पाहिला नव्हता. त्या रागावल्या नव्हत्या, बहिणीच्या दाराकडे बघत होत्या. सतरा दिवस, तीन नकाशे, दोन खुलासे आणि एक आदेश, आणि शेवटी वीस पावलं उरली होती. आई वर्षभर घरात बसून होती तेच बरं होतं, असं ओव्हाळांना वाटून गेलं.

"थांब तू," दारातून सोजरबाई म्हणाल्या. "मीच येते."

त्यांनी वॉकर ओढला. सून धावली, तिला त्यांनी कोपराने बाजूला केलं. पहिल्या पायरीला त्या पाच मिनिटं उभ्या होत्या. दुसरीला त्याहून जास्त. बोळातली रहदारी थांबली होती आणि एक दुधवाला मोटारसायकल बंद करून बघत उभा होता. वीस पावलांना पंचवीस मिनिटं लागली. मग सोजरबाई गाडीपाशी पोचल्या आणि मान वर करून बहिणीकडे बघत राहिल्या.

"ल्हानपणी बी अशीच झाडावर जाऊन बसायचीस," त्या म्हणाल्या. "आई खालनं हाका मारायची."

चंद्रभागाबाईंनी वरून हात खाली सोडला आणि सोजरबाईंनी तो धरला.

वाढदिवस मग रस्त्यातच झाला. सोजरबाईंची खुर्ची गाडीसमोर आणून ठेवली, केक बोनेटवर कापला. दोघी गप्पा मारत बसल्या, एक वर, एक खाली. ओव्हाळ दोघींच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले, कारण सावली करायची जबाबदारी आपोआप त्यांच्याकडे आली होती. दीड वाजता, कुणी हात न लावता, खुर्चीच्या मनात आलं आणि ती फुस्स करून खाली बसली. चंद्रभागाबाईंचे पाय जमिनीला टेकले. त्या उठल्या, वॉकर घेतला, आणि दोघी बहिणी दोन वॉकर खडखडवत जेवायला आत गेल्या. पायऱ्यांवर त्या भिंतीला धरून एकेक करून चढल्या. मागे रिकाम्या खुर्चीत ओव्हाळ बसले आणि त्यांना चक्क झोप लागली.

पाच वाजता त्यांना सोजरबाईंनी वॉकरने ढोसून उठवलं. वॉकरला कापडी पिशवी लटकत होती.

"ऊठ रं. मला बसू दे."

"बस की मावशी. बघ कशी आहे."

"बघायला न्हाई. मी येतीय चंद्रीसंगं. दोन दिस राहीन. तीन तारखेला आणून सोड."

ओव्हाळ गोंधळले. खुर्ची एक होती. "मावशी, असं करू, आधी आईला घरी सोडतो आणि मग तुला न्यायला परत येतो." एवढ्यात सोजरबाई बसल्याही होत्या. खुर्ची आत फिरली, पाय आत आले, खटका लागला. आत गेल्यावर त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि समोरच्या काचेतून बोळ बघू लागल्या. वर्षभर हाच बोळ त्यांनी दारातून पाहिला होता.

"चंद्रे," त्या म्हणाल्या, "हितनं लांबपातुर दिसतं गं."

चंद्रभागाबाई वॉकर धरून गाडीच्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. पुढे बसलेल्या बहिणीकडे त्यांनी पाहिलं. मग मागचं दार पाहिलं. ते पुढच्यापेक्षा अरुंद होतं आणि सीट खोल होती. सकाळची सहा माणसं भिंतीला लागून हात मागे बांधून उभी होती, कारण त्यांना एकदा सांगितलेलं पुरलं होतं. शर्मिलाने पलीकडून आत शिरून उशी सारखी केली.

चंद्रभागाबाईंनी वॉकर बाजूला सारला. पाठमोऱ्या होऊन त्या सीटच्या कडेला कशाबशा टेकल्या, तेवढ्यावरच अडल्या, आणि दाराची कड धरून राहिल्या. ओव्हाळ दोन पावलं अंतरावर, हात शरीराला चिकटवून उभे होते. चौदा महिने त्यांनी त्या हातांना हीच सवय लावली होती.

"बघत काय उभा राहिलास?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "ढकल."